कमी फटक्यांची लांब कारकीर्द

डिसेंबर २०१६च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत धुकं इतकं दाट होतं, की दिल्ली गोल्फ क्लबवरची पॅनासोनिक ओपन इंडिया स्पर्धा चार फेऱ्यांऐवजी तीनच फेऱ्यांत संपवावी लागली. आशियाई टूरवरचे ताज्या दमाचे खेळाडू मैदानात होते. ५४ होल खेळून झाल्यावर सर्वांत कमी फटके, म्हणजे २०६, ज्याच्या नावावर लागले तो आमच्या मध्य प्रदेशातला, महूचा मुकेश कुमार. वय ५१. ज्योती रंधावा आणि रशीद खान एकेका फटक्यानं मागे राहिले. देशातल्या व्यावसायिक स्पर्धांत शंभराहून अधिक विजेतेपदं मिळवलेल्या या माणसाचं आशियाई टूरवरचं हे पहिलंच विजेतेपद होतं. इतक्या वयात तिथे पहिल्यांदा जिंकणारा त्याच्याआधी कोणी झाला नव्हता.

त्याच मैदानावर ५२ वर्षांपूर्वी, १९६४ साली, पहिली इंडियन ओपन झाली होती. ती जिंकली होती मेलबर्नच्या पीटर थॉमसननं. पुढे १९७६-७७मध्ये या मैदानाची फेररचना झाली, तीही थॉमसनच्याच आराखड्यानुसार. म्हणजे मुकेश कुमारनं ज्या अरुंद वाटांवरून चेंडू नेला, त्या वाटा एका ऑस्ट्रेलियन गोल्फपटूनं आखलेल्या होत्या. दोघांच्या जगण्यात, पैशात, कीर्तीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तरी दोघांच्या कारकिर्दी शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला फार वाटतं. खेळात माणूस इतकी वर्षं कशाच्या बळावर टिकतो, आणि मुळात तो त्या खेळात शिरतो कोणत्या दारानं, हे दोन्ही प्रश्न या जोडीकडे पाहिल्यावर नीट कळतात.

शहराचं मैदान

पीटर थॉमसनचा जन्म २३ ऑगस्ट १९२९चा, मेलबर्नच्या ब्रन्सविक या कामकरी वस्तीतला. घराजवळ रॉयल पार्क नावाचं मोठं सार्वजनिक उद्यान. त्याच उद्यानात मेलबर्नचं प्राणिसंग्रहालय आहे आणि त्याला लागूनच नऊ होलचं गोल्फचं मैदान. हे मैदान कोणा क्लबच्या सभासदांसाठी राखलेलं नव्हतं. थोडे पैसे भरले की कोणीही खेळावं, असा तिथला रिवाज. पीटर तिथे शिकला आणि पंधराव्या वर्षी तिथल्या क्लबचा विजेता झाला.

शिक्षणानं तो औद्योगिक रसायनशास्त्राकडे वळला होता आणि खेळाचं साहित्य बनवणाऱ्या स्पॉल्डिंग कंपनीत त्यानं काही काळ काम केलं. १९४९ साली तो व्यावसायिक झाला. पुढच्याच वर्षी न्यूझीलंड ओपन जिंकली. ही स्पर्धा त्यानं एकूण नऊ वेळा जिंकली, पहिल्यांदा १९५०मध्ये आणि शेवटची १९७१मध्ये. एकाच स्पर्धेच्या पहिल्या आणि शेवटच्या विजयात एकवीस वर्षांचं अंतर आहे, एवढ्यावरून कारकिर्दीची लांबी लक्षात यावी.

वाऱ्यातला खेळ

गोल्फमध्ये सर्वांत जुनी आणि मानाची स्पर्धा म्हणजे ब्रिटिश ओपन. ती समुद्राकाठच्या मैदानांवर होते. तिथली जमीन वाळूची, टणक, उंचसखल. झाडं जवळपास नाहीत. वारा मात्र दिवसभर. अशा ठिकाणी उंच मारलेला चेंडू वारा कुठे नेईल ते सांगता येत नाही आणि खाली पडल्यावर तो उसळून भलतीकडे जातो. थॉमसननं ही जमीन नीट वाचली. तो चेंडू जमिनीलगत मारी, अपेक्षित जागेच्या बराच आधी टेकवी आणि उरलेलं अंतर त्याला घरंगळू देई. आपल्याकडे धानाच्या बांधावर उभा राहून पाणी कुठून सोडलं म्हणजे शेवटच्या वाफ्यात पोचेल याचा अंदाज घेणारा शेतकरी असतो. थॉमसनचं डोकं तसं चालायचं. चेंडू पडेल कुठे यापेक्षा तो थांबेल कुठे, यावर त्याचं लक्ष असे.

आकडे पाहा. १९५२ साली ब्रिटिश ओपनमध्ये दुसरा. १९५३मध्ये दुसराच, त्या वर्षी बेन होगन जिंकला. १९५४, १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ तीन वर्षं पहिला. १९५७मध्ये पुन्हा दुसरा, १९५८मध्ये पुन्हा पहिला. सलग सात वर्षं तो पहिल्या दोघांच्या बाहेर गेला नाही. विसाव्या शतकात ही स्पर्धा लागोपाठ तीनदा जिंकणारा तो एकटाच. पाच किंवा अधिक वेळा ती जिंकणारे आजवर पाच जण झाले: सहा वेळा हॅरी व्हार्डन, आणि पाच-पाच वेळा जे. एच. टेलर, जेम्स ब्रेड, पीटर थॉमसन आणि टॉम वॉटसन.

त्या काळातल्या विजेत्याच्या हाती काय पडायचं तेही सांगायला हवं. १९५५ साली सेंट अँड्र्यूजला जिंकल्याबद्दल त्याला १००० पौंड मिळाले. ऑस्ट्रेलियाहून ब्रिटन गाठायचं, आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहायचं, हा सगळा खर्च खेळाडूचा. म्हणूनच आघाडीचे अमेरिकन खेळाडू पन्नासच्या दशकात या स्पर्धेला फारसे फिरकत नसत. त्यावरून थॉमसनच्या यशाला कमी लेखणारेही निघाले. त्यांना उत्तर मिळालं १९६५ साली रॉयल बर्कडेलवर. त्या वर्षी जॅक निक्लॉस, अर्नोल्ड पामर आणि आदल्या वर्षीचा विजेता टोनी लेमा असे तिघेही मैदानात होते. थॉमसन दोन फटक्यांनी जिंकला. वय पस्तीस.

त्याची मर्यादाही स्पष्ट होती. अमेरिकेतली मैदानं मऊ, पाणी दिलेली. तिथे उंच आणि लांब मारणाऱ्याचं राज्य. शिवाय तिथला चेंडू ब्रिटनमधल्या चेंडूपेक्षा किंचित मोठा. भरउमेदीच्या काळात अमेरिकन टूरवर त्यानं एकच स्पर्धा जिंकली, १९५६ची टेक्सास इंटरनॅशनल. आपला खेळ कोणत्या जमिनीवर चालतो हे त्यानं ओळखलं आणि बहुतेक वर्षं तो त्या जमिनीच्या शोधात राहिला. ही शहाणीव दीर्घ कारकिर्दीचा पहिला आधार आहे. अनेक गुणी खेळाडू सगळीकडे सिद्ध होण्याच्या हट्टापायी लवकर थकतात.

पूर्वेचा रस्ता

ऑस्ट्रेलियाहून लंडनला जाणारं विमान त्या काळी टप्प्याटप्प्यानं जायचं. सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो असे थांबे असत. बाकीच्यांना ते फक्त विमानतळ होते. थॉमसनला त्या वाटेवर देश दिसले, आणि प्रत्येक देशात ब्रिटिशांनी मागे ठेवलेली गोल्फची मैदानं दिसली. १९५९ साली हाँगकाँग ओपन सुरू झाली, तिच्या उभारणीत त्याचा हात होता. पुढे ती त्यानं तीनदा जिंकली. फिलिपिन्स आणि जपानमध्येही तो जिंकला. आशियातल्या स्पर्धांची साखळी हळूहळू तयार झाली, ती तयार करणाऱ्यांत तो पुढे होता.

भारतात गोल्फ त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षं होता. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब. मुंबईत १८४२मध्ये क्लब निघाला. पण जगातले व्यावसायिक येऊन खेळतील अशी राष्ट्रीय खुली स्पर्धा नव्हती. थॉमसननं इंडियन गोल्फ युनियनच्या मागे लागून ती घडवून आणली. १९६४ची पहिली स्पर्धा त्यानंच जिंकली, मग १९६६ची, आणि पुन्हा दहा वर्षांनी १९७६ची. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

मैदानं आखण्याचं कामही याच काळात वाढलं. दिल्लीचं मैदान लोदीकालीन आणि मुघलकालीन वास्तूंच्या मधून जातं. लाल बंगल्याची कबर खेळाच्या वाटेवरच आहे, मोर फिरत असतात. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची दाटी. त्यात चेंडू शिरला की बहुधा गेलाच. अशा मैदानावर सर्वांत लांब मारणारा ड्रायव्हर अनेकदा पिशवीतच ठेवावा लागतो. जोरापेक्षा नेमकेपणाला मोल देणारं हे मैदान थॉमसनच्या स्वभावाशी जुळणारं होतं. बंगळुरूचं कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदान त्याच्याच रचनेचं, आणि चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या फेररचनेतही त्याचा वाटा आहे. दिल्लीचं मैदान अलीकडे गॅरी प्लेअरच्या आराखड्यानुसार बदललं आणि २०१९मध्ये पुन्हा खुलं झालं. पण मुकेश कुमार जिंकला तेव्हा ते थॉमसनचंच होतं.

मागच्या दारानं आलेले

इंडियन ओपनच्या दुसऱ्याच वर्षी, १९६५मध्ये, बिल्लू सेठी या भारतीय हौशी खेळाडूनं ती जिंकली. त्यानंतर भारतीय विजेता मिळायला २६ वर्षं लागली. १९९१ साली दिल्लीचा अली शेर जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३मध्ये त्यानं ती पुन्हा जिंकली. अली शेर कॅडी होता. साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन तो या खेळात आला होता.

कॅडीला मैदान सभासदापेक्षा जास्त ठाऊक असतं. कोणत्या झाडापासून ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, किती यार्डांवर, पावसानंतर कुठला उतार चेंडू ओढतो, वारा कुठे फसवतो, हे त्याला पाठ असतं, कारण चुकीचं सांगितलं तर बोलणी खावी लागतात. अनेक क्लबांत आठवड्यातला एखादा दिवस कॅडींना खेळायला मिळतो. तेवढ्यात, जुन्या-मोडक्या काठ्यांवर, ही मुलं शिकली. कलकत्त्याचा एसएसपी चौरसिया याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर हिरवळीची देखभाल करायचे. २००८ साली दिल्लीत झालेली इंडियन मास्टर्स, युरोपियन टूरची भारतातली पहिली स्पर्धा, चौरसियानं जिंकली. २०१६ आणि २०१७ची इंडियन ओपनही त्याचीच. तो लांब मारणारा खेळाडू नाही. ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांवर आणि पटिंगवर, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये ढकलण्यावर, त्याचं घर चालतं.

इथे एक गोष्ट ठळकपणे मांडायला हवी. इंडियन ओपन नसती, तर अली शेर किंवा चौरसिया यांचं कौशल्य क्लबच्या कुंपणाआड राहिलं असतं. सभासदांना ते माहीत असतं, जगाला नसतं. स्पर्धा म्हणजे गुणफलक. त्यावर बाप कोण, बूट कुठले, इंग्रजी कसं, याची नोंद होत नाही. फटके मोजले जातात. थॉमसननं भारताला दिलेली सर्वांत मोलाची वस्तू माझ्या मते हीच.

छावणीचं गाव

मराठी माणसाला महूची ओळख बाबासाहेबांमुळे. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला; वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. त्याआधीची ओळख होळकरांची. १८१८च्या मंदसौर तहानंतर इंग्रजांनी होळकरांच्या मुलखात ही छावणी वसवली. इंग्रजी फौज गेली तिथे पोलो, क्रिकेट आणि गोल्फ गेला. कामठी, देवळाली, पचमढी, महू अशा छावण्यांच्या कडेला मैदानं आखली गेली. नाशिकच्या मध्यवस्तीतल्या मोठ्या मैदानाला लोक आजही गोल्फ क्लब मैदान म्हणतात. तिथे रणजीचे सामने झाले, सकाळी लोक फिरायला जातात, गोल्फ मात्र नावापुरता उरला.

अशा छावणीच्या गावातून मुकेश कुमार आला. ऐंशीच्या दशकात तो व्यावसायिक झाला, तेव्हा भारतात या खेळावर पोट भरणं म्हणजे गावोगाव फिरणं होतं. प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया ही संघटना २००६ची; त्याआधीची वीस वर्षं त्यानं विस्कळीत स्पर्धांमध्ये काढली.

व्यावसायिक गोल्फचं अर्थकारण बाहेरून दिसतं त्यापेक्षा कठोर आहे. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर कट लागतो. साधारण निम्मे खेळाडू तिथेच बाहेर पडतात आणि त्यांना एक रुपयाही मिळत नाही. प्रवास, राहणं, जेवण, कॅडीचे पैसे, सगळं स्वतःच्या खिशातून. संघ नाही, पगार नाही, राखीव खेळाडू नाही. पाठ धरली तर त्या आठवड्याची कमाई गेली. या हिशेबात तीस वर्षं टिकणं आणि शंभराहून अधिक वेळा जिंकणं, याला केवळ प्रतिभा पुरत नाही. रोज सकाळी तोच सराव, शरीर मोडेल असा स्विंग टाळणं, रागाच्या भरात अवघड फटका न मारता एक फटका सोडून देणं, असा संयम वर्षानुवर्षं पाळावा लागतो.

आपल्याकडे खेळाडूला किती लवकर म्हातारं ठरवतात, हे नवं नाही. क्रिकेटमध्ये पस्तिशीला निरोपाची भाषा सुरू होते. गोल्फमध्ये धावणं नाही, टक्कर नाही. तरी पन्नाशीत हाताचा कंप वाढतो, तीन फुटांचा पटही भीती घालतो. अनेक मोठ्या खेळाडूंची कारकीर्द त्या तीन फुटांवर संपली. मुकेश कुमारनं त्या वयात, धुक्यानं खोळंबलेल्या आठवड्यात, आपल्या निम्म्या वयाच्या मुलांसमोर हात स्थिर ठेवला. मध्य प्रदेशाच्या क्रीडा इतिहासात या विजयाचं पान मोठ्या अक्षरात असायला हवं.

पन्नाशीनंतरचा थॉमसन

थॉमसनचा उत्तरार्धही ऐकण्यासारखा आहे. १९८२ साली त्यानं व्हिक्टोरिया राज्याच्या विधानसभेची निवडणूक प्रहरान मतदारसंघातून लढवली आणि थोडक्यात हरला. त्याच सुमारास अमेरिकेत पन्नाशीपुढच्या खेळाडूंचा टूर जोर धरत होता. थॉमसन तिकडे गेला. १९८४ साली ज्येष्ठांची पीजीए स्पर्धा जिंकली आणि १९८५मध्ये एकाच वर्षात नऊ स्पर्धा. ज्या अमेरिकेनं तरुणपणी त्याला एकच विजय दिला, तिथे पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी तो कमाईत सर्वांच्या वर होता.

पण त्याच्या कारकिर्दीचा खरा पसारा काठी बाजूला ठेवल्यावर कळतो. १९६२ ते १९९४ तो ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. मेलबर्नच्या वर्तमानपत्रात तो गोल्फवर लिहायचा. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या ओडिसी हाऊस या संस्थेसाठी त्यानं वेळ दिला. १९९८ साली प्रेसिडेंट्स कपमध्ये तो आंतरराष्ट्रीय संघाचा कर्णधार होता. मेलबर्नमध्ये त्या संघानं अमेरिकेला हरवलं; त्या स्पर्धेत अमेरिकेचा तो एकमेव पराभव. २० जून २०१८ रोजी वयाच्या ८८व्या वर्षी तो गेला. खेळाडू, संयोजक, मैदानकार, लेखक, कर्णधार: प्रत्येक टप्प्यावर कामाचं रूप बदललं आणि म्हणून काम थांबलं नाही.

फाटक कोण उघडणार

आज भारतीय गोल्फचं चित्र बदलतं आहे. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी लष्करी डॉक्टरांचा मुलगा. २०१५च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो पाचव्या क्रमांकाच्या बरोबरीत होता, आणि २०२२च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथपेक्षा एकाच फटक्यानं मागे राहून दुसरा. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच्यासोबत पुण्याचा उदयन माने खेळला. सुस्थितीतल्या घरांतली मुलं लवकर प्रशिक्षक गाठतात, परदेशी जातात, हे चांगलंच आहे. मात्र त्याच वेळी कॅडीच्या वाटेनं वर येणारा रस्ता अरुंद होत चालला आहे की काय, ही काळजी वाटते.

आमच्या बालाघाट जिल्ह्याकडे पाहिलं की हा प्रश्न मला जवळचा होतो. भरवेलीत मँगनीजची खाण, मलाजखंडात तांबं, वैनगंगेकाठी धान, पलीकडे गोंदियाची शीव. अंगमेहनतीची, नेम धरण्याची, चिकाटीची इथे वाण नाही. आदिवासी पाड्यांवरची मुलं रानात ज्या नजरेनं अंतर मोजतात, ती नजर या खेळाला हवीच आहे. पण गोल्फ म्हटलं की आमच्या मनात फाटक उभं राहतं, आणि फाटकावर पहारेकरी.

गोल्फला जमीन आणि पाणी फार लागतं, हा आक्षेप खरा आहे आणि धानाच्या जिल्ह्यात तर तो डावलता येणार नाही. पण शिकायला अठरा होलचं हिरवंगार मैदान लागत नाही. आपल्याच कोरड्या छावण्यांत ग्रीनऐवजी ब्राऊन असायचे: तेल मिसळलेल्या वाळूचे सपाट गोल, ज्यांना पाणी लागत नाही. खेळून झालं की ते फळीनं सारखे करायचे. लहान अंतरांचे नऊ होल, वाळूचे ब्राऊन, दान मिळालेल्या जुन्या काठ्या आणि शाळा सुटल्यावरचे दोन तास, एवढ्यात सुरुवात होते. सार्वजनिक उपक्रमांच्या वसाहती, लष्कराची मैदानं, नगरपालिकांची उद्यानं, यांनी आठवड्यातले दोन दिवस आसपासच्या शाळांना द्यावेत, ही मागणी काही अवास्तव नाही. क्रिकेट आपल्याकडे रुजलं, कारण ते मोकळ्या मैदानांवर खेळलं गेलं.

सगळी मुलं विजेती होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. वाऱ्याचा अंदाज घेणं, स्वतःचे फटके स्वतः खरे मोजणं, चुकीच्या फटक्यानंतर पुढच्या फटक्यासाठी शांत होणं, हे शिकलेलं मूल कुठेही उपयोगी पडतं. आणि त्यांतून एखादा मुकेश कुमार निघाला, तर त्याला पहिल्या मोठ्या विजयासाठी ५१व्या वर्षापर्यंत थांबावं लागू नये. थॉमसनला पाच वेळा जिंकवणारं कौशल्य त्याचं स्वतःचं होतं. पण पहिल्या दिवशी त्याला आत घेणारं मैदान मेलबर्न शहराचं होतं. कौशल्य मुलं आपलं आपण कमावतील. मैदान उघडं ठेवणं हे गावाचं काम आहे, आणि ते आपण अजून हाती घ्यायचं आहे.